सातवं वेटोळं

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणत. केसासारख्या तारेची तांदळाएवढी वेटोळी वळायची आणि काचेच्या नळीत एकामागे एक बसवायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. नळी यंत्राच्या पोटात जायची. तिथे विजेने भारलेल्या तप्त वायूत, म्हणजे प्लाझ्मात, उलट दिशांच्या चुंबकीय रेषा समोरासमोर येत, तुटत आणि नव्याने जुळत. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नसे. कळे ते वेटोळ्यांनाच.

तारेच्या सुरुवातीच्या टोकावर मामा मामींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. वेटोळं किती ताकद मोजतं ते सगळे तपासत, दिशा कुणीच तपासत नसे. ठिपक्यावरूनच दिशा धरायची; ठिपका मामांचा असला की प्रश्न मिटला.

मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात यंत्र मोडीत निघालं. नळी तेवढी मागे राहिली. मामांनी ती सहज भिंगाखाली धरली. सातव्या वेटोळ्याचा ठिपका शेवटच्या टोकावर होता.

ते तडक पीएचडी करणाऱ्या मुलीच्या खोलीत गेले. तीन वर्षं याच नळीने मापं घेऊन तिने तुटणाऱ्या रेषांच्या मधोमध एक छोटा भोवरा शोधला होता. सगळा प्रबंध त्या भोवऱ्यावर उभा, आणि तोंडी परीक्षा सोमवारी.

"या! चष्मा गेल्यापासून ओळख दाखवत नाही म्हणे तुम्ही."

"पोरी, सातवं उलटं आहे."

"सकाळी सकाळी थट्टा नको हं, मामा."

मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सातव्या वेटोळ्याच्या आकड्यांपुढे उणे चिन्ह टाकलं. पडद्यावरचा भोवरा नाहीसा झाला. चिन्ह काढलं, आला. परत टाकलं, गेला.

"पुन्हा एकदा प्रयोग..." मामा बोलून गेले आणि थांबले. यंत्राचे भाग त्यांनीच भंगाराच्या गाडीत चढवून दिले होते.

"कुणाला बोललात?"

"घरीसुद्धा नाही."

तिने उणे चिन्ह तसंच ठेवून फाईल बंद केली.

"ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायचं होतंत हो," ती म्हणाली. हसायला गेली, जमलं नाही. तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"मी बाहेर थांबतो."

"बाहेर जाऊन काय करणार? बसा."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सर, भोवऱ्याबद्दल बोलायचंय... नाही, वाईटच आहे. तो नाहीये. एका वेटोळ्याची दिशा उलटी धरली मी. हो, माझीच चूक. तपासायला हवं होतं."

मामांनी तोंड उघडलं. तिने बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघता, हातानेच त्यांना गप्प केलं.