थोरल्या घरचा दत्तक

तेसोकदादा आठ वर्षांचा असताना त्याला ओढ्यापलीकडच्या थोरल्या घरी दत्तक दिलं. हानबात गावातलं आमचं सगळं कुळ त्या घरातून निघालेलं. तिथे मुलगा नाही म्हणजे पूर्वजांची श्राद्धं करणारं कोणी नाही. वडीलधाऱ्यांनी धाकट्या पातीकडे, म्हणजे आमच्याकडे, बोट दाखवलं आणि वडिलांनी मान खाली घातली. निघताना आई दादाला म्हणाली, "आजपासून मला काकू म्हणायचं हं."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तो पळत आला. बाहेर बर्फ पडत होतं.

"आई, दार उघड! मी नाही तिथे राहणार!"

आई दाराला आतून पाठ लावून बसली. मी कडी काढायला गेले, तर तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. थोरल्या घरचा गडी येऊन दादाला पाठुंगळीला घेऊन गेला. पुन्हा तो पळून आला नाही. वाटेत आई भेटली की वाकून 'काकू' म्हणायचा.

मोठेपणी तो उल्सानला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. सुट्टीवर आला की हातावरचे भाजल्याचे डाग कौतुकाने दाखवायचा. मग दत्तक वडिलांना पक्षाघात झाला आणि कुळातली माणसं जाऊन त्याला घेऊन आली. "थोरल्या घरचा वारस लोखंड जोडत बसलाय, शोभतं का?"

तेव्हापासून महिन्याला एक तरी श्राद्ध. लग्न होऊन आलेल्या वहिनीने श्राद्धाच्या तळणीपुढे उमर काढली. त्यांची एकुलती एक मुलगी देगूला शिकायला गेली, तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून वहिनीही गेली, ती श्राद्धापुरतीच येऊ लागली.

दादाला मुलगा नव्हता. तेव्हा कुळातले सर्वांत वडील, खूनशिककाका, दादाकडे आले. "तुझ्या चुलत्याचा नातू सात वर्षांचा आहे. त्याला दत्तक घे. पोरगा गुणी. आईबापही तयार आहेत."

"पोराला विचारलंत?"

"सात वर्षांच्या पोराला काय विचारायचं? तुला विचारलं होतं का?"

"म्हणूनच नको म्हणतोय."

काका ताडकन उठले. "मग हे घर सांभाळणार कोण? उंदीर?"

शेवटी कुळाच्या बैठकीत ठरलं, की गळकं छप्पर दुरुस्त करायचं, पाहुण्यांना भाड्याने द्यायला खोल्या काढायच्या आणि देखरेख तेसोकने करायची. दादाने त्या पोराला दत्तक जाण्यापासून सोडवलं, पण किल्ल्या दादाच्याच कमरेला लागल्या.

आता सोलहून जोडपी येतात, ओसरीवर बसून फोटो काढतात. "किती नशीबवान हो तुम्ही, अशा घरात राहता!" दादा हसतो आणि चादरी वाळत घालायला जातो.

आई थकली होती. एक दिवस मला म्हणाली, "फोन करून माझ्यासाठी तिथे एक खोली सांग."

"अगं, ओढा ओलांडला की घर. लोक हसतील!"

"हसू देत. आई म्हणून नाही जाता येत, पाहुणी म्हणून तरी जाईन. पाहुणीला कोण हाकलतंय?"

श्राद्धाच्या स्वयंपाकाला ती तिथे कैक वेळा राबली होती. राहिली मात्र कधीच नव्हती. मी तिच्यासोबत गेले. दादाने स्वतः, जिची आच जमिनीखालून जाते त्या चुलीत लाकडं सारून खोलीची जमीन तापवली. सकाळी सुक्या माशाचं सार आणि भात तिच्यापुढे ठेवून गुडघ्यांवर बसला.

"काकू, जमीन गरम होती ना?"

"हो मालक. पाठ चांगली शेकली." ती हसली. मग हळूच म्हणाली, "तू जेवलास?"

"पाहुण्यांचं झालं की जेवतो."

"इथेच बस. माझ्यासमोर जेव."

दादाने ओसरीकडे पाहिलं. तिथे इतर पाहुणे बसले होते. "चहा मागतायत वाटतं," म्हणाला आणि उठला. कोणी काही मागितलं नव्हतं. आईने सार संपवलं, वाटी पुसून ठेवली.

पुढच्या वसंतात आई वारली. नेमकं त्या दिवशी थोरल्या घरी श्राद्ध होतं. ते आटोपून दादा संध्याकाळी आला आणि पुतण्यांच्या रांगेत उभा राहिला. सुतकात मुलाने घालायचे तागाचे कपडे माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर होते. इतर पुतण्यांबरोबर दादाही वाकला.

परवा मी त्याला म्हटलं, "दादा, देगूला जा आता. वहिनी आहे, लेक आहे. कुळातले काय करणार आहेत?"

"पुढच्या महिन्यापर्यंत खोल्या पाहुण्यांनी घेऊन ठेवल्यात."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पणजोबांचं श्राद्ध," तो म्हणाला आणि उशांचे अभ्रे बदलायला लागला.