टायपिस्ट घरी जाऊन जेवली

आमच्या स्तुदेन ब्रोदच्या वाचनालयात इस्क्रेन चाकालोवच्या पुस्तकाच्या दोन प्रती आल्या त्या २०१४ च्या सप्टेंबरात. पंधरा दिवसांत एकतीस जणांनी नंबर लावले. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, वाचनालयाच्या कमिटीवर होतो, तरी माझा नंबर सहावा होता. मधे घुसवा म्हणून मी पेत्कानाला सुचवून पाहिलं. तिने नुसतं रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

पेत्काना दिलोवा आमची ग्रंथपाल. छप्पन्न वर्षांची, करड्या रंगाचा घरी विणलेला कोट, केस मागे घट्ट बांधलेले. मुलगी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामाला, नवरा कधीच सोडून गेलेला. खाण बंद पडल्यावर ती वाचनालयात लागली, त्याला चौदा वर्षं झाली होती. पुस्तकात कुणी पेन्सिलने खूण केली तर ती त्यालाच समोर बसवून खोडायला लावायची, मग तो नगराध्यक्ष का असेना. ती खाणीच्या ऑफिसात काय काम करायची हे गावात बहुतेकांना माहीत असणार. पण ते कुणाच्या डोक्यात उरलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

चाकालोवला सगळा देश ओळखत होता. दर रविवारी टीव्हीवर यायचा आणि सगळ्याच पक्षांना शिव्या घालायचा. पुस्तकाचं नाव होतं ‘तुम्हाला माहीत होतं’. त्यात पुढाऱ्यांवर थोडं आणि आपल्यासारख्यांवर जास्त होतं. चोर वर बसलेत ते तुम्ही खाली गप्प बसलात म्हणून, असा एकूण सूर. सातवं प्रकरण आमच्या गावावर होतं.

आमच्याकडे खाणीच्या गाळाचा बंधारा होता. १९९८ च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी तो फुटला आणि खालच्या आळीतली नऊ माणसं गाळाखाली गेली. चौकशी झाली. इंजिनिअरच्या शेवटच्या अहवालात ‘बारीक भेगा, लक्ष ठेवून आहोत’ एवढंच निघालं, आणि दोष पावसावर गेला. चाकालोवने लिहिलं होतं की पाऊस दरवर्षीच पडतो. भेग सगळ्या गावाने पाहिली होती, पण पगार खाणीचा होता. आणि पुढे: ‘तो अहवाल कुणा टायपिस्टने टाइप केला असेल, दोन प्रती काढल्या असतील, आणि टायपिस्ट घरी जाऊन जेवली असेल. असे देश बुडतात.’

या एका पानावरून गावात दोन तट पडले.

एका बाजूला गेन्चो, खाणीतला जुना मुकादम. दुसऱ्या बाजूला व्हेसा, औषधाच्या दुकानातली. दोघं रोज संध्याकाळी वर्तमानपत्रं चाळायला यायची आणि टेबलाच्या दोन टोकांना बसायची.

“तोंडावर बोलतो म्हणून खरंच बोलतो असं होत नाही, व्हेसाताई. माझा कुत्राही तोंडावरच भुंकतो.”

“तुमचा कुत्रा निदान चोरावर तरी भुंकतो, गेन्चोदादा. तुम्ही कुणावर भुंकलात आजवर?”

“राजधानीत, सोफियात बसून लिहायला काय जातं? त्याच्या घरात गाळ शिरला होता का?”

“ज्यांच्या घरात शिरला त्यांनी काय लिहिलं मग? पोस्टकार्ड तरी?”

खालच्या आळीतली माणसं या वादात पडत नव्हती. त्यांच्यातली नेव्याना पुस्तकाच्या यादीत अकरावी होती. बंधारा फुटला तेव्हा तिचा मुलगा क्रुम एकोणीस वर्षांचा होता. रात्रपाळी करून येऊन झोपला होता.

माझा नंबर लागला तोवर पुस्तकाचे समास भरले होते. पान एकशे त्रेचाळीसवर कुणी ‘खोटं’ लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तू कुठे होतास?’ आणि त्याखाली ‘बंधाऱ्याखाली. तू?’ टायपिस्टच्या ओळीशेजारी कुणी लिहिलं होतं, ‘बिचारीने काय करायचं होतं?’ आणि कुणी, अगदी दाबून, ‘ओरडायचं होतं.’

पुस्तक परत देताना मी पेत्कानाला म्हटलं, “अगं, हे कुणी खोडलं नाही?”

“राहू दे,” ती म्हणाली. “सगळ्यांचं वाचून होऊ दे.”

मला नवल वाटलं. चौदा वर्षांत तिने एक रेघ सोडली नव्हती.

चाकालोवला गावात बोलवायचं व्हेसाच्या मनात आलं आणि कमिटीत गेन्चोसकट सगळ्यांनी हो म्हटलं. गेन्चोला त्याला समोरासमोर धरायचं होतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी चारला सभा ठेवली. वाचनालयाच्या हॉलमध्ये दीडशे माणूस जमलं. चाकालोव टीव्हीवर दिसतो त्याहून बुटका निघाला. सर्दी झाली होती, सारखा गरम चहा पीत होता. अर्धा तास बोलला आणि अर्धा तास आम्ही मुकाट ऐकलं. मग गेन्चो उठला.

“पान एकशे त्रेचाळीस,” तो म्हणाला. “टायपिस्ट घरी जाऊन जेवली म्हणतोस. तू काय तिच्या टेबलाखाली बसला होतास?”

हॉल हसला. व्हेसासुद्धा हसली.

“नव्हतो,” चाकालोव नाक पुसत म्हणाला. “पण ती उपाशी झोपली असेल असं तुम्हाला वाटतं का?”

“तुला माहीत नाही म्हण ना सरळ. मनाचं लिहिलंस.”

“मनाचं लिहिलं. मग?”

“जेवले,” मागून आवाज आला.

पेत्काना दाराजवळ, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी होती. सभेला ती नेहमी तिथेच उभी राहायची, उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवायला. आधी कुणाला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

“घेवड्याचं सूप होतं,” ती म्हणाली. “पुदिना घातलेलं. पोरगी सहा वर्षांची होती, तिला भरवलं आणि मीही जेवले. चांगलं झालं होतं. आणि प्रती तीन काढल्या होत्या, दोन नव्हे.”

ती एका जागी उभी राहून, खाली बघत, पत्र वाचून दाखवावं तसं सांगत गेली. बंधारा फुटायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी इंजिनिअर माल्चेवने हाताने लिहिलेला अहवाल दिला, तो तिने टाइप केला. खाणीच्या डायरेक्टरने वाचला आणि तिच्यासमोर तिन्ही प्रती फाडल्या. मग त्याने स्वतः तोंडी दुसरा सांगितला, तो तिने परत टाइप केला. माल्चेवने त्यावर सही केली. माल्चेव पुढे दोन वर्षांत दारू पिऊन गेला, ते आम्हाला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

“मी डायरेक्टरला म्हटलं, साहेब, आधीच्यात वेगळं होतं. ते म्हणाले, ‘तुझी सही कुठे आहे त्यावर?’ माझी सही नव्हती. मी घरी गेले.”

तिसऱ्या रांगेतून नेव्याना उठली. ती मोठ्याने बोलली नाही, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

“आधीच्यात काय होतं?”

“भेग चौदा सेंटिमीटर. खालून पाणी झिरपतंय. खालची आळी आजच रिकामी करावी.”

“आजच असं होतं?”

“आजच. त्याखाली रेघ मारली होती त्याने. मशीनवर रेघ मारायला परत मागे यावं लागतं, म्हणून लक्षात आहे.”

“शुक्रवार,” नेव्याना म्हणाली. “शनिवार, रविवार, सोमवार.” मग ती रांगेतून बाहेर पडली आणि पेत्कानाच्या अंगावरून दाराबाहेर गेली. कोट खुंटीवरच राहिला. बाहेर बारीक बर्फ पडत होतं.

चाकालोवचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. अंधारात मारलेला दगड नेमका लागला की पोराच्या तोंडावर दिसतो तसा आनंद होता त्यावर. “बघा,” तो म्हणाला, “मी अंदाजाने लिहिलं होतं.” तो माणूस बरोबर होता, हे मला मान्य आहे. पण त्या ‘बघा’बद्दल मी त्याला माफ करू शकलो नाही.

यानंतर गावाचे दोन तट एक झाले. पेत्कानाच्या बाजूने मात्र कुणी नव्हतं. गेन्चोची माणसं म्हणायला लागली, हिने परक्या माणसासमोर गावाचं नाक कापलं, नक्की त्यानेच शिकवून उभी केली. व्हेसाची माणसं म्हणायला लागली, पुस्तक सोळा आणे खरं, म्हणूनच असली बाई आपल्या मुलांच्या हातात पुस्तकं देते हे चालणार नाही. पाववाल्याकडे तिला रांगेत जागा मिळायची, पण तिच्यामागे कुणी उभं राहायचं नाही. कुणी तिच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाने सुपाचा वाडगा काढला. तिने तो पुसायचा प्रयत्न केला. रंग पसरून भिंतीवर मोठा गुलाबी डाग राहिला.

डिसेंबरात पेत्कानाला कामावरून काढायला कमिटी बसली. ‘वाचनालयातलं वातावरण बिघडलंय’ असा ठरावाचा मजकूर होता. भेग मीही पाहिली होती. बंधारा फुटायच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, नववीच्या मुलांना तिथे सहलीला नेलं होतं, तेव्हा एका मुलाने त्या भेगेत हात घालून दाखवला होता आणि मी त्याला ओरडलो होतो, कपडे खराब होतील म्हणून. हे मी कमिटीत बोललो नाही. पाच हात वर गेले, त्यातला एक माझा होता. पेत्कानाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, यादीत पुढचा नंबर कुणाचा ते सांगितलं, आणि गेली.

दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिने आत घेतलं, राकियाचा, फळांच्या घरगुती दारूचा, छोटा ग्लास पुढे ठेवला.

“का बोललीस?” मी विचारलं. “सोळा वर्षं झाली. चाकालोवलासुद्धा ठाऊक नव्हतं.”

“मास्तर, चौकशीला सगळ्यांना बोलावलं. मुकादम, पहारेकरी, ड्रायव्हर. मला कुणी बोलावलंच नाही. मला वाटलं, टायपिस्ट म्हणजे मशीनचाच भाग, तिला कोण विचारणार. बरंही वाटलं. मग हे पुस्तक आलं. पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं होतं की तिथे एक बाई बसली होती.”

“शिवी दिली आहे त्याने तुला.”

“हो,” ती म्हणाली. “पण मलाच दिली आहे.”

सरकारी वकिलांकडे तिने स्वतः लेखी जबाब पाठवला होता. फेब्रुवारीत उत्तर आलं, दोन ओळींचं. प्रकरणात खटला भरायची मुदत आदल्या वर्षीच संपली होती. डायरेक्टर समुद्रकाठी राहत होता आणि त्याची तब्येत उत्तम होती, असं व्हेसाने कुठून तरी काढून आणलं.

त्याच आठवड्यात नेव्याना पेत्कानाच्या दारात गेली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. हे मला शेजारणीने सांगितलं. “तो पहिला कागद,” नेव्याना म्हणाली, “पूर्ण आठवतो का?” पेत्काना म्हणाली, आठवतो. “मग टाइप करून दे.” घरात मशीन नव्हतं. पेत्काना वाचनालयात गेली आणि नव्या ग्रंथपाल मुलीकडे कॉम्प्युटर मागितला. मुलगी घाबरली, पण नाही म्हणाली नाही. वीस मिनिटांत काम झालं.

मेलेल्या माणसाच्या स्मृतिदिनाला त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर चिकटवायची आमच्याकडे रीत आहे. त्या मार्चमध्ये नऊ जणांचे कागद लागले, पण फोटोखाली नेहमीच्या शोकाच्या ओळी नव्हत्या. अख्खा अहवाल होता, तारखेसह, आणि ‘आजच’ या शब्दाखाली रेघ. शाळेच्या दारावर, दवाखान्यावर, बस थांब्यावर, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर. नगरपालिकेने त्यांच्या पायऱ्यांवरचे कागद दुपारपर्यंत काढून टाकले. बाकीचे कुणी फाडले, कुणी पुन्हा लावले. गेन्चोने आपल्या फाटकावरचा फाडला नाही. त्यापुढे खुर्ची टाकून बसला आणि दिवसभर आत गेला नाही. व्हेसा मात्र म्हणाली की मृतांच्या नावाने असं करणं बरं दिसत नाही.

मला नेव्याना बस थांब्यावर भेटली, हातात चिकटपट्टी घेऊन. मी विचारलं, “माफ केलंस का तिला?”

तिने चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला. “मला काय विचारता, मास्तर? हात कुणी वर केला होता?”

एप्रिलमध्ये पेत्काना घर बंद करून मुलीकडे स्पेनला गेली. तिथे तीही आता कुणा परक्या म्हातारीला भरवते, आंघोळ घालते. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. चाकालोवच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात पान एकशे त्रेचाळीसवर तळटीप आहे, ‘प्रती तीन होत्या.’ तिचं नाव नाही. वाचनालयात अजून दोन्ही आवृत्त्या आहेत आणि लोक अजून भांडतात, पण आता टायपिस्टच्या ओळीशी आले की आवाज खाली येतो आणि कुणीतरी पान उलटतं.