गोधडीतल्या काठ्या

जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या आमच्या गावामागून एक ओढा जातो. कधीकाळी तो खणून सरळ केला होता, तेव्हापासून पाण्याला वेग आला आणि काठ ढासळत गेले. गावातल्या लोकांनी तो पुन्हा वळणदार करायला घेतला, तेव्हा माझा नवराही शनिवारी जाऊ लागला. काठात वाळुंजाच्या ताज्या काठ्या ठोकायच्या; त्यांना मुळं फुटली की माती धरून राहते.

फेब्रुवारीत त्यानं आपल्या वाट्याचा भारा घरी आणला. ठोकेपर्यंत काठ्या बाहेर, पाण्यात ठेवा, सुकू देऊ नका, असं गटाच्या प्रमुखांनी बजावलं होतं. पण बर्फ पडू लागला आणि त्याला राहवेना.

"बिचाऱ्या गारठतील गं," म्हणत त्यानं त्या माझ्या आईनं शिवलेल्या गोधडीत गुंडाळल्या आणि तळघरात हायत्सुंगला, तापलेल्या हीटरला, टेकवून ठेवल्या.

"पाळणा आणू?" मी विचारलं.

"आण की."

बर्फ वितळल्यावर त्यानं त्या ठोकल्या. मार्च संपता संपता तो ऑफिसात कोसळला आणि गेला.

एप्रिलभर मी ओढ्यावर जात राहिले. शेजारच्या रांगांना पालवी फुटली. त्याची रांग तशीच. एखादा डोळा फुगलेला लागतो का, म्हणून प्रत्येक काठीवरून बोट फिरवायचे.

पुण्याहून सासूबाई विचारायच्या, "फुटल्या का गं त्याच्या काठ्या?"

"अजून नाही, आई. थंडी आहे इथे."

थंडी केव्हाच सरली होती.

मे महिन्यात गटाचे प्रमुख, एक निवृत्त शिक्षक, टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. "आल्झो... म्हणजे, वादळी पावसाआधी त्यांच्या रांगेच्या जागी दगड भरायला हवेत."

"एक आठवडा द्या."

"गेल्या आठवड्यातही तुम्ही हेच म्हणालात," ते हळूच म्हणाले.

मी लेकीला घेऊन गेले. नखानं साल खरवडली. जिवंत काठी आतून हिरवी असते. ही तपकिरी. पुढचीही. त्याच्या पुढचीही. मी खरवडतच राहिले.

"मम्मा," लेक म्हणाली, "डी झिंड टोट."

मेल्यात. वडिलांबद्दल हा शब्द तिनं अजून कुठल्याच भाषेत उच्चारला नव्हता.

मी एक काठी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले. जोर लावावाच लागला नाही. ती अलगद निघून आली. टोकाला एकही तंतू नव्हता. तिच्यामागोमाग काठाची माती पाण्यात घसरली.

खिशात फोन वाजत होता. पुण्याहून.