चांदणीवाला आकडा

रविराजनं फोनवर एवढंच सांगितलं, "पांढऱ्या पेशी सोळा हजार चारशे निघाल्यात. अकरा हजारापर्यंतच पायजेत," आणि निमगाव केतकीत भाचीचं बारसं जागच्या जागी थांबलं.

रविराज इंदापुरात खतं-औषधांच्या दुकानात बसतो. डाळिंबवाले माती-पानांचे रिपोर्ट घेऊन येतात. जास्त किंवा कमी निघालेल्या आकड्यापुढं छापलेली चांदणी हा शोधतो आणि उपाय सांगतो. गावाला त्याचा उपाय पटतो, त्यामुळे त्यालाही पटतो. बाळाची कावीळ बघायला रक्त दिलेलं, रिपोर्ट त्याच्या मोबाईलवर आला, त्यात चांदणी होती. मग राहवतं कशाला.

घरी नाव ठेवायला सुप्याहून आलेली बाळाची आत्या, राजेश्वरी, पाळण्यापाशी तशीच बसली. बाळाची आई, म्हणजे रविराजची बहीण श्रेया, हिच्या डोळ्यांना धार. बाळ तेवढं दूध पिऊन गाढ झोपलं होतं. रविराज गाडी घेऊन आला आणि सगळ्यांना बारामतीला घेऊन गेला.

डॉक्टरबाईंनी बाळ उघडं करून तपासलं. ताप आला का, पितं का, शू किती वेळा, सगळं विचारलं. मग रिपोर्ट पाहिला.

"ही हद्द मोठ्या माणसांची छापलीय. एवढ्या लहान बाळाला वीस हजारापर्यंतही चालतात. वाढेल तशा हळूहळू उतरतात. बाळ छान आहे, कावीळही ओसरतेय. जा, बारसं करा."

गाडी परतीच्या वाटेला लागली.

"म्हंजे उसाचा तक्ता डाळिंबाला लागला," रविराज पुटपुटला.

"लागला न्हाय, तुमी लावला," राजेश्वरी मागून म्हणाली. "दुकानात पण असंच चालतं का, मामा?"

"तितं आधी पीक इचारतो, आत्याबाई."

"मग हितं वय इचारायला काय झालं होतं?"

त्यावर मामांनी गिअर बदलला.

संध्याकाळी पाळणा हलला. राजेश्वरीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणं बायांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. पाठ चोळत ती दाराशी उभ्या रविराजकडं वळली.

"ह्यातला एक तुमचा हाय. आज श्रेया हसतीया, म्हणून ठेवून देते."

त्याला आता बरेच महिने झाले. राजेश्वरी आली की रविराज भिंतीला पाठ लावूनच चहा पितो. धपाटा अजून बाकी आहे.