शेवंतामावशींचं गाणं नक्की कोणी गायलं?

जय भीम सगळ्यांना. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, तुम्हीच काहीतरी सांगा.

रविवारी आंबिवलीला आमच्या विहारात शेवंतामावशींचा सत्कार आहे. ज्यांच्या भीमगीतांच्या कॅसेट ऐकत आपण मोठे झालो, त्याच. निवेदन माझ्याकडे आहे, म्हणून परिचय वाचून दाखवायला आज सकाळी ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेलेलो.

त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं नाव वाचलं, तर मावशी म्हणाल्या, "ते खोडून टाक. ते माझं नाही रे. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा घसा बसलेला. कव्हर माझ्या नावाने छापून झालेलं, म्हणून माझ्याऐवजी माझी नणंद गायली."

नणंद इंदूताई तिथेच लसूण सोलत बसलेल्या. त्या भडकल्याच! "काय पण बोलते वहिनी! तूच गायलीस. मी फक्त कोरसला होते."

मी मोबाईलवर गाणं लावलं. म्हटलं, आता कळेल. दोघी डोळे मिटून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर दोघींनी पदराने डोळे पुसले आणि एकमेकींकडे बोट दाखवलं. "बघ, हिचाच आवाज!"

"मग गाऊन दाखवा," मी म्हणालो. दोघींनी एकदमच सुरुवात केली. मी कान देऊन ऐकलं. शप्पथ सांगतो, मला दोन आवाज ऐकूच आले नाहीत.

ट्रॉफीवर मावशींचं नाव कोरून झालंय. शाल एकच आणलीय. कोणाच्या खांद्यावर घालू?