चिंचोके लावून रमी

मी मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा पक्का समज होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात मुलांना जुगाराचा नाद किती आहे हे मोजायचं ठरलं, तेव्हा प्रश्नावली मराठीत करायचं काम मी हौसेने ओढून घेतलं. पहिला प्रश्न होता, 'तुम्ही जुगार खेळता का?' खाली सूचना: 'उत्तर नाही असल्यास पुढील प्रश्न सोडून द्यावेत.' या सूचनेचं मला फार कौतुक होतं. कागद तपासायचा वेळ वाचणार होता.

तो वाचलाच. वर्ग दोन मिनिटांत मोकळा. नाही, नाही, नाही. एकाने तर 'छे!' लिहिलं होतं. आमची मुलं किती सालस, हे मी स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत दोनदा सांगितलं.

फक्त एका मुलीचं उत्तर 'हो' होतं. इगतपुरीहून रोज ये-जा करणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. पुढे खुलासा: 'गणपतीत जागरणाला, मामांबरोबर रमी. चिंचोके लावून.' बाकीचे प्रश्न कोरेच. 'हो' लिहिणाऱ्याला समुपदेशनाला बोलावणार, हे वर्गात आधीच सांगितलं होतं. नियम म्हणजे नियम, म्हणून मी तिला बोलावलं आणि ती येईपर्यंत तो कागद शेजारच्या मॅडमना दाखवून मनसोक्त हसून घेतलं.

ती आली. मी मोठ्या मनाने म्हटलं, "अगं, चिंचोक्यांना कुणी जुगार म्हणतं का? जा, काळजी करू नकोस."

ती जागची हलेना. "मॅम, पुढचे प्रश्न नाय विचारणार?"

"ते तुला लागू नाहीत."

"विचारा ना."

मला तिच्या हट्टाचा रागच आला. घड्याळाकडे बघत मी भराभरा वाचू लागले. हरल्यावर भरून काढायला पुन्हा खेळता का?

"हो."

बंद करायचं ठरवूनही जमलं नाही, असं झालंय का?

"तीनदा."

घरच्यांपासून लपवता का?

"हो."

"काय गं, चिंचोके लपवतेस?" मी विचारलं. मानसशास्त्रात माझी पीएच.डी. आहे, हे इथे नाइलाजाने नमूद करते.

"चिंचोक्यांचं नाय मॅम. मी मोबाइलवर टीम लावते. क्रिकेटची. पैसे लावून, रोज." ती खाली बघत म्हणाली. "वर्गात बरेच जण लावतात. त्याला जुगार कोणीच नाय म्हणत. पण मी पण 'नाही' लिहिलं असतं, तर तुम्ही बोलावलंच नसतं."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. टेबलावर माझ्या सालस मुलांचा गठ्ठा होता. मी तिला बसायला सांगितलं.

ती बसली नाही. तिने मोबाइल बंद केला आणि माझ्यापुढे सरकवला.

"आजच्या दिवस तुमच्याकडे ठेवाल? संध्याकाळी मॅच आहे."