भयपट आणि शिंगाडे

गोंदियातल्या एका चित्रपटगृहात भयपट सुरू असताना पहिली किंकाळी मध्यंतरानंतर बऱ्याच वेळाने ऐकू आली. ती माझी होती. त्या वेळी पडद्यावर काहीही दिसत नव्हते.

पार्श्वभूमी अशी. माझी धाकटी बहीण रंजू हिला चिचगडचे स्थळ आले होते. मुलगा नितेश तिला पसंत होता (हे तिने कुणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होते). गाडी अडली होती मुलाच्या वडिलांपाशी. त्यांचे घर जंगलाला लागून; मोहफुलांच्या दिवसांत अस्वल अंगणापर्यंत येते. "पोरगी फुलचूरची, शहराच्या बाजूची. झुरळाले भेत असन तं आमच्याकडे कशी राहीन?" असे ते मध्यस्थाला म्हणाले होते.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत नितेश आणि त्याचे आईवडील (आमचे काकाजी आणि काकू) आमच्याकडे आले. या दिवसांत आलेल्या पाहुण्याला नाटक दाखवल्याशिवाय परत पाठवत नाहीत.

"पाहुण्यायले नाटकाले ने," माय म्हणाली.

"नाटक रातभर चालते. मी दुपारी पिक्चरले नेतो."

"दादा, तू काही ठरवू नोको," रंजू म्हणाली. "तू ठरवलं का काहीतरी होते."

पण माझ्याकडे योजना होती. रंजू कशालाच भीत नाही. काकाजींच्या देखत ती एखादा भयंकर चित्रपट निवांत पाहील आणि प्रश्न मिटेल! मी एका दैनिकात उपसंपादक आहे. परग्रहावरच्या प्राण्याचा एक भयपट लागला होता आणि त्याविषयी 'कमकुवत हृदयाच्या प्रेक्षकांनी टाळावा' असे मीच छापले होते. (चित्रपट मी पाहिला नव्हता. वाक्य पोस्टरवरचे होते.)

मायसकट सगळ्यांना मी चित्रपटगृहात नेले. योजनेत त्रुटी एकच. त्या चित्रपटाला कोणीही भ्यायला तयार नव्हते.

आकाशातून एक दगड प्रयोगशाळेत पडला, फुटला आणि त्यातून प्राणी निघाला. मध्यंतरापर्यंत त्याचे फक्त शेपूट दिसले. काकाजी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे जुने प्रेक्षक. तिथे प्रेक्षक मोठ्याने रडतो, बोलतो; गप्प बसला तर नटांना काळजी वाटते. त्यांनी इथेही आवाज कमी केला नाही.

"रडाचा सीन कव्हा आहे?"

"काकाजी, हा भ्यायचा पिक्चर आहे."

"मंग भ्याचं कव्हा आहे?"

मागच्या रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "चाचा, चुप बैठो ना! पिक्चर देखने दो!"

मध्यंतरानंतर प्राणी पूर्ण दिसला.

"हा तं भिजलेला धानाचा कट्टा होय!" काकाजी म्हणाले. प्राणी खरेच भिजून फुगलेल्या पोत्यासारखा होता. सगळे प्रेक्षागृह हसले.

माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या काकूंना मात्र दया आली. "एकटाच आला का वो बिचारा? याची माय कोठी आहे?" प्राण्याने एका शास्त्रज्ञाला गिळले. "उपाशी असन," काकूंनी खुलासा केला.

थोड्या वेळाने मागचे गृहस्थ पुढे वाकले. "चाचा, अब आगे क्या होगा?"

"आता ते पांढऱ्या कोटवाली बाई दरवाजा उघडते, पाहा."

तिने उघडला. काकाजींना टाळ्या मिळाल्या.

रंजू जांभया देत होती. जांभईला धैर्य म्हणता येत नाही. काकाजी तिच्याकडे पाहतही नव्हते, आणि संध्याकाळच्या गाडीने ते चिचगडला परतणार होते. निदान एक तरी प्रसंग भीतीचा निघावा म्हणून मी डोळे फाडून पडद्याकडे पाहू लागलो. तेवढ्यात पडदा काळा झाला, आवाज बंद झाला. आता काहीतरी होणार! मी श्वास रोखला.

आणि त्या अंधारात माझ्या तळहातावर काहीतरी आले. गार. ओले. त्याला दोन शिंगे होती.

"माय वो! धरलं मले!"

मी खुर्चीवर चढलो. हातातली वस्तू काकाजींच्या टाळूवर आदळली. माझा पाय लागून काकूंच्या मांडीवरची पिशवी उलटली आणि तिच्यातले उकडलेले शिंगाडे खुर्च्यांखालून चहूकडे घरंगळत गेले. चपला काढून बसलेल्या मंडळींना त्यांची शिंगे टोचू लागली.

"काट लिया! काट लिया!" मागचे गृहस्थ किंचाळले.

"इंचू होय! पाय वर घ्या!" दुसरीकडून आवाज आला. पाहता पाहता सगळे प्रेक्षागृह खुर्च्यांवर उभे राहिले. पडद्यावर प्राणी पुन्हा अवतरला होता. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"मी म्हटलं न जी, शिंगाडे घ्या म्हणून," काकू मला समजावत होत्या. "आमच्या तळ्यातले होत."

दिवे लागले. तेव्हा जमिनीवर एकच व्यक्ती होती. रंजू खुर्चीखाली खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होती.

"बाई, हात नोको घालू! इंचू आहे!"

"शिंगाडा होय," ती म्हणाली आणि तो ओढणीत टाकला. मग दुसऱ्या खुर्चीखाली हात घातला. एक सोलून तिने नितेशला दिला. नितेश तेव्हा खुर्चीवर उभा होता. तो शरमेने खाली उतरला.

बाहेर आल्यावर माय माझ्यावर डोळे वटारत होती. काकाजींनी टाळू चोळत रंजूच्या ओढणीतले शिंगाडे पाहिले.

"पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे अस्वल आलं तं तेच भेऊन पयन."

मायने सुस्कारा सोडला. मग माझ्याकडे पाहून तिला राहवेना. "पन हा तिचा भाऊ असा..."

"त्याले कोन घेऊन चाल्ला, बाई?" काकाजी म्हणाले. "तो राहू द्या तुमच्याकडेच."

लग्न झाले. रंजू चिचगडला सुखात आहे. मी तिकडे गेलो की काकू अजूनही उकडलेले शिंगाडे आणतात. फक्त ताट माझ्यापुढे ठेवण्याआधी घरातले सगळे दिवे लावतात. भर दुपारी!